सावकाश पिळाची नळी

"मुलगी सध्या काय करते?" असं कोणी विचारलं की आमचे संजीवराव घसा खाकरायचे आणि म्हणायचे, "डिझाइनमध्ये आहे." कशाच्या डिझाइनमध्ये, हे कोणी विचारायच्या आत समोशांचा विषय काढायचे. इथे परदेशात, फ्रिस्कोच्या अर्ध्या मराठी मंडळाला वाटायचं की आमची लेक कादंबरी वेबसाइटी रंगवते. माझं डोकं फिरायचं. चांगली सॉफ्टवेअरची नोकरी सोडून पोरीने एका कारागिराच्या हाताखाली उमेदवारी केली, आमच्या गॅरेजमध्ये अक्रोडाच्या ठोकळ्यातून दस्ता कोरला, त्यावर पितळ बसवलं आणि नळीच्या तोंडातून बंदुकीची दारू ठासायची जुन्या धाटणीची रायफल उभी केली. यात लपवण्यासारखं काय आहे? मी तर ग्रोसरीच्या कॅशिअरलाही सांगते.

त्या शनिवारी तिची परीक्षा होती. गावाबाहेरच्या नेमबाजी क्लबाचा प्रमुख डेल, सत्तरीचा, कमी बोलणारा माणूस, रायफल बघायला येणार होता. त्याच्या पसंतीला उतरली तर क्लबातली मंडळी तिच्याकडून रायफली बनवून घेणार होती. नाही उतरली तर पुढे काय, हे आमच्या घरात कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. नोकरी सोडल्यापासून बापलेकीत जेवढ्यास तेवढंच बोलणं उरलं होतं.

आणि शनिवारी सकाळी संजीव बूट घालून दारात उभा. "मी पण येतो," म्हणाला. गॅरेजमध्ये कधी डोकावलासुद्धा नाही हा माणूस! मी पटकन गाडीची किल्ली उचलली, न जाणो, विचार बदलायचा.

मैदानावर पोचल्यावर डेलसमोरच त्याने जॅकेटमधून एक डबी काढली. "हे घे, कादंबरी. टॉप रेटेड आहेत. मी पूर्ण कम्पॅरिझन केलंय, सगळे रिव्ह्यूज वाचलेत. एकदम लेटेस्ट." आता हा आमच्या लोकांचा आजारच आहे. मिक्सर घ्यायचा असो की मुलीचं मन वळवायचं असो, आधी रिव्ह्यू वाचायचे आणि सगळ्यात वरचा माल उचलायचा.

डबीत लांबट गोळ्या होत्या, प्रत्येकीला प्लास्टिकचं पेल्यासारखं कवच. बार उडाला की ते कवच गळून पडतं. कादंबरीने डबी बघितली, मग बाबांकडे बघितलं. स्वतः काढलेलं चित्र दाखवायला आणलेल्या लहान मुलासारखा त्याचा चेहरा झाला होता.

"थँक्स, बाबा," ती म्हणाली आणि त्यातली एक गोळी नळीत घातली.

ती गोळी या नळीत चालणार नाही, हे मला माहीत होतं. रायफलच्या नळीत आतून पिळासारख्या फिरत गेलेल्या खाचा असतात, त्या गोळीला गिरकी देतात. कादंबरीच्या नळीचा पीळ अगदी सावकाश, सहासष्ट इंचांत एक फेरा. तो शिशाच्या गोल गोळीसाठी, जी कापडाच्या चकतीत गुंडाळून आत सरकवतात. कवचातल्या लांब गोळीला सरळ जायला खूप जलद गिरकी लागते, अठ्ठावीस इंचांत एक फेरा, असा काहीतरी पीळ लागतो. उंच भोवरा हळू फिरवला तर लवंडतो ना, तसंच. कापडाच्या चकत्या मीच कापून देते, गोधडीच्या अस्तरासाठी पुण्याहून आणलेल्या मांजरपाटाच्या. त्यांना मेणात साजूक तूप मिसळून चोळायची कल्पनाही माझीच. बाजारातलं तयार ग्रीस तिने केव्हाच सोडलं.

व्हायचं तेच झालं. एक गोळी कागदाच्या कोपऱ्यात, एक कुठे गेली देव जाणे, आणि एक चक्क आडवी शिरली, कागदाला लांबट भोक पाडून. डेलने गवतातून प्लास्टिकचं कवच उचललं आणि बराच वेळ बोटांत फिरवलं.

"रायफल देखणी आहे," तो म्हणाला. "पण आपल्या नळीला काय चालतं हे जिला कळत नाही, तिची रायफल मी माझ्या लोकांना कशी सुचवू?"

एक वाक्य बोलली असती तर सुटली असती माझी लेक. पण ती मान खाली घालून सामान आवरायला लागली. मी संजीवला बाहीला धरून बाजूला ओढलं.

"तिच्या खिशात चकत्या आहेत."

"कसल्या चकत्या?"

"या रायफलला लागतात त्या. गोल गोळ्या पण आहेत. तुझ्या गोळ्या यात चालत नाहीत, हे डबी बघताक्षणी कळलं तिला."

"मग घातल्या कशाला?"

"तू आणल्यास म्हणून, शहाण्या!"

ऑफिसात चार माणसांसमोर आपली चूक कधी कबूल न केलेला माणूस, डोळे पुसत सरळ डेलकडे गेला. "सर," तो म्हणाला, "त्या गोळ्या माझ्या. मला यातलं काही कळत नाही, माझ्या मुलीला सगळं कळतं. तिने आज फक्त बापाचा मान राखला. तिला तिच्या पद्धतीने एकदा मारू द्या."

डेलने कादंबरीकडे पाहिलं. "चकत्या कुठायत?"

तिने नळी नीट पुसून घेतली. दारू, तुपाची चकती, गोल गोळी, वरून ठासायचा गज. धुराचा लोट उठला, विरला, पुन्हा उठला. शेवटी डेल कागदापाशी गेला आणि भोकांवर पंजा ठेवला. सगळी झाकली गेली. परतताना त्याने गवतातली एक चकती उचलून उजेडात धरली. कडा शाबूत, कुठे जळकं भोक नाही.

"हे कापड कोणाचं?"

"माझं!" मी इतक्या जोरात म्हणाले की पलीकडचे नेमबाज वळून बघायला लागले.

"पहिली रायफल माझ्या नातीसाठी," डेल कादंबरीला म्हणाला. "बाकीच्यांनी रांग लावावी." मला तर तिथेच फुगडी घालावीशी वाटली.

परतीच्या वाटेवर गाडीतल्या स्पीकरवर मंडळाच्या शुभावहिनींचा फोन आला. "संजीव, कादंबरी आमच्या करिअरच्या कार्यक्रमात बोलेल का रे? ती वेब डिझाइनच करते ना?"

या वेळी त्याने घसा खाकरला नाही.

"नाही वहिनी. बंदुका बनवते ती."

"काय बनवते?" वहिनींचा आवाज चढला.

"बंदुका. स्वतःच्या हाताने. थांबा, घरी पोचलो की फोटो पाठवतो."

मागच्या सीटवरून कादंबरीने पुढे वाकून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. दारूच्या काजळीने माखलेला हात, आणि त्याचा शर्ट पांढरा. पाची बोटं उमटली. तो शर्ट अजून तो मला धुवायला देत नाही.