वेणेचा जुना पूर

हिंगणघाटच्या स्टुडिओत रत्नदीप एक जुना फोटो साफ करत होता. त्यात वेणा नदीला पूर आलेला आणि माणसं छपरांवर बसलेली. मागचं कापसाच्या जिनिंगचं धुराडं त्याने ओळखलं. ती त्याचीच गल्ली होती, आणि बाहेर कालपासून पाऊस थांबला नव्हता.

फोटो घेऊन तो घरी धावला.

“माय, चाल, निघू आपण.”

“काऊन भेवून राह्यला? इथवर पाणी कधीच नाई आलं,” कमलाबाई म्हणाल्या.

त्याने फोटो पुढे धरला. त्यांचा चेहरा उतरला. त्या अनवाणीच बाहेर पडल्या आणि एकेक दार बडवू लागल्या.

संध्याकाळी सगळी गल्ली शाळेच्या गच्चीवर होती. खाली घरं बुडत होती.