कुलूपभर साखर

मंगळवार. सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे. कॅफेच्या मागच्या दाराला लावलेले कुलूप करवतीने कापण्यात आले. कापायला चार मिनिटे लागली. मी तेव्हा आत, स्वयंपाकघरातल्या संगमरवरी ओट्यावर होतो. मला दिसत काही नव्हते, आवाज तेवढा येत होता. शेवटी 'टक्' झाले, दार उघडले आणि कॅफे चालवणाऱ्या मावशींचे धाकटे भाऊ घाम पुसत आत आले. त्यांच्या मागे किल्लीवाला. दोघांच्याही चेहऱ्यावर काम फत्ते झाल्याचा आनंद होता. आपण कुलूप नव्हे, साखर कापून आलो आहोत, याची त्या दोघांना कल्पना नव्हती.

मित्रांनो, हे नीट कळायचे तर आधी मी कोण ते सांगायला हवे. मी एक जुना पितळी तराजू आहे. दोन पारडी, एक दांडी, मधोमध एक काटा. वय साठीच्या पुढे. ज्या कारागिराने मला घडवले, त्याने दांडी एका दिवसात ओतली आणि पुढचे तीन दिवस तो माझ्या दोन्ही बाजू सारख्या करत बसला. डावे पारडे केसभर हलके निघाले, म्हणून त्याने त्याच्या तळाला शिशाचा एक ठिपका लावला. तो ठिपका अजून आहे. पारडी घासताना बोटाला लागतो.

माझी पहिली वीस वर्षे औषधांच्या दुकानात गेली. काम अचूक होते, मान होता, पण माझ्यासमोर कुणी हसत नसे. माझ्या पारड्यातली पूड घेऊन जाणारा प्रत्येक जण घाईत आणि काळजीत असे. पुढे औषधे गोळ्या होऊन डब्यांत बंद आली आणि माझी गरज संपली. तेव्हा मावशींच्या आईने मला विकत घेतले. तिला कोपऱ्यावरचा एक छोटा कॅफे सुरू करायचा होता. पाच टेबले, एक कॉफीचे यंत्र आणि एक केक.

सामान हलवताना माझ्या वजनांची पेटी हरवली. उद्घाटन दुसऱ्या दिवशी. केकचे सगळे जिन्नस मात्र आईने आदल्या रात्रीच त्या वजनांनी मोजून पुड्यांत बांधून ठेवले होते. ती घाबरली नाही. एका पारड्यात एकेक पुडी ठेवून ती दुसऱ्या पारड्यात घरात सापडेल ते ठेवून पाहू लागली. मैद्याची पुडी खलबत्त्याच्या बत्त्याशी जुळली. लोण्याची, दाराच्या निखळलेल्या पितळी मुठीशी. अक्रोडांची, एका काचेच्या दौतीशी. आणि साखरेची पुडी एका जुन्या कुलपाशी अशी जुळली, की माझा काटा मधोमध येऊन थांबला तो हललाच नाही. किल्ली त्या कुलपातच अडकवलेली होती. किल्लीसकट वजन बरोबर होते.

तेव्हापासून आमच्याकडे कुलूपभर साखर, बत्ताभर मैदा आणि दौतभर अक्रोड असेच बोलले जाते. 'मूठभर लोणी' म्हटल्यावर एका नव्या स्वयंपाकिणीने सरळ लोण्यात हात घातला होता. ती आठ दिवस टिकली. एकदा वजनमापे तपासणारा निरीक्षक आला. माझ्या दांडीवरचा शिक्का पाहून खूश झाला आणि मग कुलपाकडे बघत म्हणाला, "बाई, हे वजन?"

"करताना वापरते साहेब, विकताना नाही. विकते तुकड्यावर. घ्या, तुकडा घ्या," आई म्हणाली.

त्याने दोन तुकडे खाल्ले आणि कागदावर सही केली.

त्या केकला नाव कुणी ठेवले ते मला ठाऊक नाही. साखर कढईत तांबूस काळी होईपर्यंत जाळून तो करतात, म्हणून गिऱ्हाइके त्याला 'सावळा' म्हणतात. "एक सावळा, एक कॉफी." आत कडवटपणाची बारीक रेघ, वर गोडवा, आणि दाताखाली अक्रोड. मी चाखलेला नाही. पण ओट्याच्या खिडकीतून मला पाचही टेबले दिसतात, आणि खाणाऱ्याचा चेहरा मी चाळीसएक वर्षे बघतो आहे.

मित्रांनो, शहरातली माणसे पंधरा मिनिटांत किती सुखी होऊ शकतात, हे मला इथे कळले. एक दंतवैद्य रोज अकराला येतात आणि रस्त्याकडे पाठ करून बसतात, म्हणजे त्यांचे रुग्ण त्यांना गोड खाताना बघणार नाहीत. शाळेत शिकवणाऱ्या दोघी बहिणी एकच तुकडा घेतात आणि मधोमध कापण्यावरून रोज भांडतात. आणि चारच्या सुमाराला येते ती बसची कंडक्टरबाई. तिची बस समोरच्या थांब्यावर अर्धा तास उभी असते. ती खिडकीजवळ बसते, टेबलाखाली बूट काढते, पहिला घास तोंडात घालते आणि डोळे मिटते. दिवसभर शेकडो माणसांना 'पुढे सरका' म्हणणारी बाई तेवढा वेळ जागची हलत नाही. औषधांच्या दुकानात मी माणसांच्या उपयोगी पडलो असेन. पण इथे माझ्या कामाचा आनंद मला समोर दिसतो.

आईनंतर कॅफे मावशींकडे आला. त्या खरे तर फक्त त्यांच्या भाचीच्या मावशी, पण सगळा रस्ता त्यांना मावशीच म्हणतो. पहाटे पाचला उठून एकटीने केक करायचा, ही त्यांची पद्धत. टेबले आणि कॉफी भाची बघते. दोन वर्षांपूर्वी रंगकामासाठी कॅफे बंद होता, तेव्हा भाचीने एक चपटा इलेक्ट्रॉनिक काटा आणला आणि अकरा दिवस मला वरच्या फळीवर बसवले. माझ्या पारड्यात हात पुसायच्या कागदांचा गठ्ठा ठेवला होता. बाराव्या दिवशी मावशींनी स्टुलावर चढून मला स्वतः खाली काढले.

"मावशी, निदान एकदा सगळं त्या काट्यावर ठेव. आकडे लिहून घेऊ," भाची म्हणाली होती.

"माझ्या आईचं कुलूप केवढं आहे, ते त्या डबड्याला विचारू?"

"बरं बाई, राहिलं."

आणि ते राहिलेच.

गेल्या सोमवारी कॅफेला सुट्टी होती. मागच्या दाराची कडी ढिली झाली होती, म्हणून मामा ती बघायला आले. म्हणजे मावशींचे भाऊ, भाचीचे मामा. कडी दुरुस्त झाली, पण दाराचे नेहमीचे कुलूप गंजून अडकले होते. मामांना फळीवर एक चांगले, जुने, भक्कम कुलूप दिसले. किल्लीसकट. त्यांनी ते लावले आणि किल्ली खिशात टाकून गेले. घरी पोचेपर्यंत किल्ली खिशात नव्हती. ताई ओरडायच्या आत निस्तरू, म्हणून मंगळवारी सहालाच ते किल्लीवाल्याला घेऊन आले. कापलेले तुकडे त्यांनी गल्लीतून चाललेल्या भंगारवाल्याच्या गाडीत टाकले आणि वर त्याचे आभार मानले.

त्या दिवशी मावशींना यायला उशीर झाला होता. साडेसहाला त्या आल्या. त्यांनी ॲप्रन बांधला आणि फळीकडे हात नेला. हात तसाच राहिला.

"इथलं कुलूप कुठे आहे?"

"ते? लावलं होतं ना काल दाराला," मामा म्हणाले. "आता नाहीये. पण ताई, कडी बघ, काय मस्त बसलीय!"

मावशींनी हात खाली घेतला. त्या साखरेच्या डब्यावर बसल्या. मी त्यांना चाळीस वर्षांत कामाच्या वेळी बसलेले पाहिले नव्हते.

दुपारपर्यंत मामा भंगाराच्या वखारीतून एक पिशवी घेऊन आले. पिशवीत सात कुलपे होती. "यातलं एखादं असेल बघ," ते चाचरत म्हणाले. "अगं, कापलेलं शोधायचं म्हणजे... तिथे डोंगर आहे डोंगर."

मावशींनी एकेक कुलूप तळहातावर तोलले, माझ्या पारड्यात टाकले आणि उचलून बाजूला ठेवले. "हे नव्हे. हेही नव्हे." पाचवे कुलूप खरे तर फक्त चमचाभर कमी होते. माझ्या दांडीला ते ओझे पाठ आहे. पण मित्रांनो, तराजूला आकडा सांगता येत नाही. समोर दुसरी बाजू ठेवली, तर एवढेच सांगता येते की सारखे आहे की नाही.

बुधवारी मावशींनी अंदाजाने साखर घेतली. सावळा झाला, कापला गेला, टेबलांवर गेला. कंडक्टरबाईने दोन घास घेतले आणि डोळे उघडेच ठेवले. अर्धा तुकडा बशीत ठेवून ती भाचीला म्हणाली, "आज याची तब्येत बरी नाही का गं?" दंतवैद्यांनी पूर्ण खाल्ला, पण ते सभ्य गृहस्थ आहेत.

संध्याकाळी भाची आत आली. "मावशी, एवढं काय त्यात? तू थोडी थोडी साखर वाढवत जा आणि चाखून बघ. इतकी वर्षं करतेयस. जिभेला कळेलच की."

मावशी कढई घासत होत्या. घासलेलीच कढई त्या पुन्हा घासत होत्या.

"कळणार नाही," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"मला चव लागत नाही. वासही नाही. तीन वर्षांपूर्वी तो ताप आला होता ना, तेव्हापासून. मिठाची आणि साखरेची बरणी मी झाकणाच्या रंगावरून ओळखते."

भाचीने बरण्यांच्या झाकणांकडे पाहिले. मला मात्र नवल वाटले नाही. तीन वर्षांपूर्वीपासून मावशी माझा काटा दोनदा तपासू लागल्या होत्या. साखरेचे चार दाणे जास्त झाले, तर सुरीच्या टोकाने काढत. तोवर त्या घाईत असल्या, की काटा थोडा कलला तरी म्हणत, "चालतंय." त्या तापानंतर तो शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नाही. जिभेचे काम त्यांनी माझ्यावर सोपवले होते, आणि एवढा विश्वास माझ्यावर आजवर कुणीच टाकला नव्हता.

"तीन वर्षं! आणि सांगितलं नाहीस?"

"सांगून काय करणार होतीस? कुलूप होतं. चालत होतं." मग त्यांनी कढई उपडी ठेवली. "हे बघ, शनिवारपर्यंत जमलं तर जमलं. नाही तर रविवारी मी पाटी उतरवणार. ज्या बाईला स्वतःला चव कळत नाही, तिने लोकांना गोड खायला घालू नये."

"आणि माझं काय?"

"तू कॉफी चांगली करतेस. कुणीही ठेवून घेईल."

हे वाक्य भाचीला फार लागले. तिने ॲप्रन काढला नाही. ओट्यावरची सातही कुलपे उचलून पिशवीत घातली, पिशवी दाराबाहेर ठेवली आणि म्हणाली, "तू रंग बघ. मी चाखते."

गुरुवारी त्यांनी तीन छोटे केक केले आणि शुक्रवारी चार. इलेक्ट्रॉनिक काटा शेजारीच होता, पण भाचीने मला पुढे ओढले. "आकडा राहू दे. मला फरक डोळ्यांनी बघायचाय." ती एका पारड्यात आधी फसली तेवढी साखर ठेवायची आणि दुसऱ्यात नवी. दांडी किती झुकली ते बघायची, मग चाखायची. मावशी कढईवर वाकून उभ्या असायच्या. "थांब. अजून नाही. फेस बसू दे. आवाज ऐक, आवाज. हां, उतरव!" भाचीची बोटे दोनदा भाजली. शुक्रवारी चौथा केक तोंडात घालून ती म्हणाली, "मला आता सगळंच गोड लागतंय. माझीही चव गेली बहुतेक." मावशी हसल्या. मंगळवारनंतर पहिल्यांदा. "पाणी पी. जीभ आहे ती, यंत्र नाही."

मी तीन पिढ्यांचे हात पाहिले आहेत, मित्रांनो. आईचा हात धीट होता, मावशींचा अचूक. भाचीचा हात अजून चुकतो. पण चुकल्यावर तो थांबत नाही, हे मी त्या दोन दिवसांत पाहिले आणि मला तो आवडला.

तुम्हाला कुणीही सांगेल की जुन्या वस्तू जपा, पुसा, अडगळीत टाकू नका. मीही तेच सांगतो. माझी पारडी कागद ठेवायला नाहीत. पण माझे खरे मागणे दुसरे आहे. तुमच्या घरात एखाद्याच्या हातून एखादी गोष्ट रोज बरोबर होत असेल, तर ती कशी होते ते त्या माणसाला विचारा. तो चिडेल, 'राहू दे' म्हणेल. तरी शेजारी उभे राहा. आणि त्याला काही दुखते-खुपते का, तेही विचारा. आमच्याकडे तीन वर्षे कुणी विचारले नाही. मला दिसत होते, पण मला बोलता येत नव्हते. तुम्हाला येते.

आज शनिवार. सकाळी साडेपाचला भाचीने साखर घेतली, थांबली, एक चमचा परत काढला आणि पुन्हा घातला. माझी दांडी हलली आणि मला कळले, ही साखर कुलपाहून चमचाभर जास्त आहे.

"आईची एवढीच होती का?" मावशींनी विचारले.

"माहीत नाही. पण मला एवढी हवी."

मावशींनी माझ्या काट्याकडे पाहिले. मग भाचीकडे. "घाल," त्या म्हणाल्या.

दहाला केक कापला. अकराला दंतवैद्यांनी पूर्ण खाल्ला, पण त्यांच्यावरून काही ठरवता येत नाही. दोघी बहिणी आज आल्याच नाहीत. चार वाजून पाच मिनिटांनी कंडक्टरबाई आली. तिने खिडकीजवळची जागा घेतली, बूट काढले, सावळा मागवला. भाचीने बशी ठेवली आणि नेहमीचे 'आणखी काही?' विचारायला न थांबता ती आत पळाली. आता ती आणि मावशी, दोघी ओट्याच्या खिडकीआड माझ्या एकेका बाजूला उभ्या आहेत. मावशींचा हात ओट्यावर आहे. त्यांची बोटे ओट्यावर टकटक करत आहेत, म्हणून माझा काटाही हलतो आहे.

बशीत अर्धा तुकडा उरला आहे. चमचा खाली ठेवलेला आहे. समोर बसचा चालक दुसऱ्यांदा भोंगा वाजवतो आहे. चार वाजून बत्तीस मिनिटे झाली आहेत आणि कंडक्टरबाईने डोळे मिटलेले आहेत.