गारवा जातो

माझ्या दुकानात कोणबी येऊ दे, मी पयलं पाणी विचारते. रामनगरात कुणालाबी विचारा. त्या दिवशी मात्र न्हाई विचारलं. कळशी भरलेली व्हती, वर तांब्या पालथा घातलेला, आणि मी मुद्दाम तिच्याकडं पाठ करून बसले.

पंच्याण्णव सालचा मे म्हैना. भर दुपारी भिकाजीशेटची गाडी दारात येऊन थांबली. जुनी परदेशी गाडी, गोव्यास्नं आणलेली, कापडी टपाची. मनात आलं की टप मागं दुमडायचा आणि उघड्यावर मिरवायचं. सबंध जोयडा तालुक्यात तसली दुसरी न्हाई. मी ती आवाजावरनंच वळखली. शेटनं मला काय वळखलं न्हाई. कसा वळखंल? अकरा वर्सांमागं मी त्याच्या लाकडाच्या कामावरची बाई व्हते, डोक्यावर पदर, मान खाली. आता लुगड्यावर भावाचा शर्ट आणि हातात पाना.

“नारायण कुठं आहे?”

“भाऊ बेळगावला गेलाय. फ्रीज आणि एसीची कामं मीबी करते. दहा वर्सं झाली.”

“मग गॅस भर लवकर. चारला लोंढ्याच्या स्टेशनावर माझे व्याही उतरतात, बेंगलोरचे. त्यांना घामात आणू काय?”

“छे छे, शेट! गारव्यात आणा की.”

तळपायाची आग मस्तकाला गेलेली, पर तोंडावर हसू ठेवलं. साबणाचा फेस लावून बगितलं, तर पाइपाच्या जोडावर बुडबुडे. रबराचं कडं चिरलं व्हतं, ते बदललं. मशीन लावून आतली हवा ओढून घेतली. काम मी चोख केलं, त्यात लबाडी न्हाई. मंग शेटला म्हटलं, “आत बसा आणि इंजिन रेस करून धरा. टप लावलेला, काचा बंद. गारवा धरतोय का न्हाई, ते तसंच कळतं.”

बसला बिचारा. गॅस लागूस्तवर आत नुसती भट्टी. मी गॅसच्या सिलिंडरची चावी जराशीच उघडली, म्हणजे काम लौकर आटपायचं न्हाई. काचेतनं त्याचं तोंड दिसत व्हतं, लालबुंद, पांढरा सदरा अंगाला चिकटलेला. खोटं कशाला बोलू, बगून मला लई बरं वाटलं.

थोड्या येळानं त्यानं काच खाली केली. “बाई, घोटभर पाणी दे.”

“थांबा जरा,” मी म्हटलं.

माझा नवरा लखूबी असाच पाणी मागत व्हता. चौऱ्याऐंशी साल, अणशीचं जंगल. टरकात भरताना सागाचा ओंडका सुटला आणि त्याच्या कमरेवर आला. शेटची गाडी तिथंच उभी. मी पाय धरले, तर म्हणाला, “सीटला रक्त लागेल, टरकात घाला.” घातला त्येला ओंडक्यांवर, उन्हात. नाक्यावर शेटचे लाकडाचे कागद तपासायला टरक तासभर थांबला. म्होरं ही गाडी, एसी चालू, आत थर्मास. मी काच वाजवली. त्यानं काच दोन बोटं खाली केली आणि म्हणाला, “बाजूला हो, गारवा जातो.” आणि परत वर केली.

एसी चालला की गाडीखाली पाणी ठिबकतं. तसं ठिबकत व्हतं, धुळीत. मी गाडीखाली वंजळ धरली. जेवढं जमलं तेवढं नेऊन लखूच्या ओठाला लावलं. शेट काचेतनं बगत व्हता. जोयड्याचा दवाखाना यायच्या आत लखू गेला.

आता गाडीतला वारा गार झाला, पाइपाला घाम सुटला. शेट खुश. “वा, बाई! आता पाणी तरी देशील?”

मी वाकून बगितलं. गाडीखाली थेंब पडाया लागले व्हते. पेला सरकवला. चार बोटं पाणी जमूस्तवर थांबले आणि मंग त्याच्या हातात दिला.

“हे कुठलं?”

“तुमच्याच गाडीचं. प्या. माझ्या माणसानं पिलंय ते, अणशीच्या नाक्यावर.”

त्यानं पेला बाजूला ठेवला. माझं तोंड निरखून बगितलं. “ती... तू?”

“व्हय. मीच ती.”

“ओंडका सुटला होता,” तो पुटपुटला. “सागाचा. मोठा होता. पाऊण टरक भरून झाला होता...”

“बरं ध्यानात हाय की! आता त्याचं नाव सांगा आणि जावा व्याह्यांस्नी आणायला. येवढंच. दुसरं कायबी नको.”

अकरा वर्सं मी ह्याचीच वाट बगत व्हते. वाटायचं, त्याच्या तोंडानं एकदा लखूचं नाव निघालं की माझ्या जिवाची तगमग थांबंल. शेटनं डोळे मिटले. ओठ हलवले.

“येसू?”

“येसू टरकाचा डायवर. त्यो जित्ता हाय.”

मला रडू फुटलं. ओंडका ध्यानात, टरक ध्यानात, आणि माणूस न्हाई! पाना घेतला आणि मगाचाच जोड सैल केला. फुस्स करून सगळा गॅस सुटला.

“अगं, काय करतेस! गारवा जातो!”

“जाऊ दे.”

मी कळशीतलं पाणी तांब्याभर त्याला दिलं. पाण्याला न्हाई म्हणायला मी काय भिकाजीशेट न्हवं. घटाघटा प्याला. मंग खाली उतरून स्वतःच्या हातानं टप मागं दुमडला. उन्हात गाडी चालू केली आणि माझ्याकडं न बगता विचारलं, “परत कधी येऊ?”

“नाव आठवलं की या,” मी म्हटलं.