न चोळलेली पोटरी

"हात का थांबला, मनांग?" मी विचारलं.

इस्का आमच्या गावाची सुईण. सगळ्यांचीच मनांग, थोरली ताई. माझी सून रोवेना नऊ दिवसांची बाळंतीण, पाय टेकला की कण्हायची. मनांगने खोबरेल लावलेलं केळीचं पान तिच्या पाठीवरून, मांड्यांवरून खाली फिरवत आणलं, ते डाव्या पोटरीवर चिकटलं. पान चिकटतं तिथे वारा अडकलेला असतो आणि तिथेच चोळायचं असतं. आमच्याकडे शेंबडं पोरही हे सांगेल.

पण मनांगने पोटरीवर नुसता तळवा टेकवला. मग पान काढलं आणि हात पुसले.

"इथे मी चोळणार नाही, लुमिंग. पाय सुजलाय, तापलाय. शहरात इस्पितळात ने. आत्ता."

माझं डोकंच फिरलं. "अख्ख्या गावाच्या बाळंतिणी चोळल्यात, आणि माझ्याच सुनेला इस्पितळ? हात थकले म्हणा की सरळ!"

"थकले म्हण. पण तूही पोटरीला हात लावायचा नाहीस. आणि तिला झाडांच्या कसल्या कसल्या सालींचे काढे पाजतेस, त्या साली बांधून घे. डॉक्टरला दाखव, लपवू नकोस."

लपवणार होतेच मी. हिला कसं कळलं, देव जाणे!

रोवेना आणि तान्ह्या नातवाबरोबर रिक्षातून मनांगही आली. वाटभर मी तिच्याकडे पाठ करून बसले.

"शिरेत रक्ताची गुठळी आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "चोळली असती तर सुटून फुप्फुसात गेली असती, मग आमच्याही हातात काही राहिलं नसतं. आता औषध सुरू केलंय. आणि या साली बंद. माझ्या गोळ्यांबरोबर चालणार नाहीत."

मी खोलीतून निघाले. बाहेर मनांग बाकावर बसली होती. मी तिच्या शेजारी टेकले.

"माझी जीभ झडो, मनांग. पण तुम्हाला कसं हो कळलं?"

"लिनाच्या पोटरीवरही पान चिकटलं होतं. अशीच सुजलेली, तापलेली."

लिना तिची एकुलती एक. बाळंतीण असतानाच गेली, त्याला बारा वर्षं झाली. वाईट वाऱ्याने नेली, असंच गाव म्हणायचं. मीसुद्धा म्हटलं होतं.

"तासभर चोळलं मी तिला," मनांग म्हणाली. "बरं वाटलं गं तिला. आई, आता झोप येतेय म्हणाली."

आत नातू रडायला लागला, तशी मनांगच उठली आणि त्याला घ्यायला गेली.