भोंग्यांचा मान

"माझा भोंगा आसिआताच्या भोंग्याच्या मागं? गावच्या बैठकीत आवा प्यायची पहिली वाटी कुणाला मिळते, विसरलीस काय गं?" तुइलोमाने वायरींवर काठी आपटली.

मी चर्चच्या पायरीवर पक्कड घेऊन बसले होते. नवा अँप्लिफायर आणि चार घराण्यांच्या मुखियांनी दिलेले चार भोंगे; त्यांतला एक तुइलोमाचा, एक आसिआताचा. चारही थेट जोडले तर मशीनवर चौपट ओझं येतं आणि ते तापून जळतं. म्हणून दोन-दोन भोंगे एकामागे एक जोडायचे, मग त्या दोन जोड्या मशीनला द्यायच्या. माझा नवरा लाफाई असंच जोडायचा. मागच्या वेळी ह्याच म्हाताऱ्याने त्याच्या माघारी वायरी सोडल्या आणि चारही थेट जोडल्या. मशीन जळलं, आळ लाफाईवर आला. चर्चची किल्ली गेली, वर डुकरांचा दंड. तो मान खाली घालून जगला आणि तसाच गेला. मी मात्र काही विसरले नव्हते.

"मशीन जळेल, तुइलोमा."

"नवऱ्याचीच री ओढतेय. तुमच्या घराण्याला जोडता येत नाही, ते सांग की."

"मग सगळ्यांदेखत सांगा, थेट जोड म्हणून."

"सांगतो. भितो काय कुणाला?"

वर्षातून एकदा चर्चमध्ये मुलं पाठ म्हणतात त्या मुलांच्या रविवारी, पांढऱ्या कपड्यांतल्या अख्ख्या गावासमोर त्याने ते सांगितलं. मी जोडलं. त्याचीच नात पाठ म्हणायला उभी राहिली आणि आवाज गेला. जळका वास सुटला. पोरीचे ओठ नुसतेच हलत राहिले.

"म्हणजे लाफाईच्या वेळीही तूच रे?" आसिआताने विचारलं. तुइलोमाने नातीचा हात धरला आणि तो दाराकडे चालू लागला.

खोटं कशाला बोलू, माझं काळीज थंड झालं. पोरीचं वाईट वाटलं, पण थोडंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या अंगणात येऊन बसला, डोक्यावर मानाची चटई पांघरून, माफी मागायला. आमच्यात ज्याचा अपराध केला त्याने उठून ती चटई उचलायची, की मिटलं. मी अंगण झाडलं. कोको उकळला. ऊन डोक्यावर आलं.

शेजारची फेतू कळवळली. "अगं लेवासा, उठव की आता. म्हातारं माणूस, मरेल उन्हात."

मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. "तेव्हा कुणी जोडलं होतं?"

"मीच," चटईखालून आलं.

"मोठ्यानं बोला. भोंगे बंद आहेत."

"मीच जोडलं होतं. लाफाईचा दोष नव्हता." कुंपणापाशी जमलेल्या सगळ्यांनी ऐकलं.

लाफाईची कबर आमच्या दारातच आहे. "तोंड तिकडं करा," मी म्हटलं. तो गुडघ्यांवर सरकत सरकत वळला.

"आता तरी उचल गं," फेतू म्हणाली.

"मी कोण उचलणार? ज्याचा अपराध केला, त्यानं उचलायची."

मी आत गेले आणि कोकोचं पातेलं घासायला घेतलं.