चटका न बसणारे पाय

त्या मंगळवारी आमच्या बेटावर चर्चमागच्या मैदानात एकशे बारा माणसं होती. मी मोजली. धक्क्यावर बोटीतून उतरणाऱ्या पेट्या मोजण्यात माझी तीस वर्षं गेली, त्यामुळे गर्दी दिसली की बोटं आपोआप चालू लागतात. एकशे बारा माणसं, चार डुकरं, आणि मधोमध उमूच्या, म्हणजे जमिनीतल्या भट्टीच्या, खड्ड्यातले तापलेले दगड. एरवी त्या दगडांवर आम्ही रविवारचं जेवण भाजतो. त्या दिवशी त्यांच्यावर माझा भाचा पाउलियासी उभा राहिला.

"आग गेली का?" विश्वासाने आजार बरे करतो म्हणणारे सामिसोनीबुवा गरजले.

"गेली!" पाउलियासी म्हणाला. चेहऱ्यावर हसू, पायाखाली निखाऱ्यासारखे दगड. स्तोत्राचं एक अख्खं कडवं गाऊन होईपर्यंत तो हलला नाही. बायका रडू लागल्या. म्हातारे गुडघ्यावर आले.

पाउलियासी शाळेची बस चालवतो. बारा वर्षं साखरेचा आजार. पूर्वी रात्री तळव्यांची मिरची लागल्यासारखी आग व्हायची. बादलीत पाय बुडवून बसायचा बिचारा. वर्षभरात ती आग हळूहळू आपोआपच विझत आली होती. हे त्याने कुणाला सांगितलं नाही, आणि बुवांनी एका दुपारी सगळं श्रेय घेऊन टाकलं.

त्याच्या मागोमाग मास्तरीण तोआकासे उत्साहाने पुढे झाली. पाऊल टेकलं मात्र, ती किंचाळत आंब्याच्या झाडापर्यंत पळाली.

"शंका!" बुवांनी बोट रोखलं. "ज्याच्या मनात शंका, त्याच्याच तळव्याला चटका! ऑकलंडचे नऊ डॉक्टर मला विचारायचे, सामिसोनी, तुझं औषध कोणतं? मी म्हणायचो, विश्वास! गोळ्या समुद्रात टाका, विश्वास पोटात ठेवा!"

लोकांनी तोआकासेकडे असं पाहिलं, जणू तिने चर्चची घंटाच चोरली असावी.

मला राग आला नाही, खरं सांगते. कंटाळा आला. माझ्या हयातीतला हा चौथा बुवा. एकाने रंगीत पाणी पाजलं, एकाने शार्कच्या यकृताचं तेल चोळलं, एकाने नुसतीच फुंकर मारली. दर वेळी लोक तेच, रडणं तेच, आणि पुढच्या वर्षी चर्चच्या पहिल्या बाकावर पाय गमावून कुबड्या घेऊन बसणारे आणखी एक-दोघं. सध्या तिथे सहाजण आहेत. सहाही जण साखरेचे. बुवा पैसे घेत नाहीत, हे मात्र कबूल करायला हवं. घेतात ते चटया, सुरण आणि डुकरं.

घरी जाऊन पडावं असं वाटत होतं. पण जेवताना पाउलियासी सहज म्हणाला, "आत्या, मी गोळ्या बंद केल्या." मग मला कुठली झोप लागणार?

बुधवारी मी स्वतः रांगेत उभी राहिले.

दगडांवर चढवण्याआधी बुवा प्रत्येकाचे पाय धुतात. प्रभूने शिष्यांचे धुतले तसे, असं म्हणतात. कोमट पाणी, मऊ बोलणं, डोळे मिटायचे. मी डोळे मिटले, तेवढ्यात अंगठ्याच्या मुळाशी नख रुतलं.

"आई गं!" मी पाय ओढला.

"आत्या," बुवा प्रेमाने म्हणाले, "तुमच्यात शंका फार. डाव्या बाजूला बसा, प्रार्थना करा."

"तुमच्या नखात शंका आहे का बघा आधी," मी म्हटलं, आणि डाव्या बाजूला बसून मोजायला लागले.

त्या दुपारी अडतीस जणांचे पाय धुतले गेले. जो दचकला, तो डावीकडे. जो दगडासारखा बसून राहिला, तो उजवीकडे. उजवीकडे सातजण झाले, आणि सातच्या सात जण तापल्या दगडांवरून हसत गेले. काल तोआकासे मात्र पाय न धुताच मधे घुसली होती. बुवांच्या कपाळावर तेव्हा आठी का पडली, ते आता कळलं.

तिथून मी थेट सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात गेले. तिथे लुपे बसली होती. लुपे पायांची डॉक्टर. तीन महिन्यांतून एकदा राजधानीहून बोटीने येते आणि आठवडाभर गावातले पाय तपासते. तिच्यासमोर दोनच माणसं होती, त्यातला एक नुसता पंख्याखाली बसायला आलेला.

मी सगळं सांगितलं. ती हसली नाही, चिडलीही नाही. दमल्यासारखी खुर्चीत मागे रेलली.

"म्हणजे आत्या, माझंच काम तो करतोय."

"तुझं?"

तिने पिशवीतून एक लेखणीसारखी दांडी काढली. टोकाला मासे पकडायच्या दोरीसारखा नायलॉनचा तुकडा. "डोळे मिटायला सांगायचे, हा तळव्याला टेकवायचा, लागलं की 'हो' म्हणायचं. ज्याला कळत नाही, त्याच्या पायातल्या नसा साखरेने मारल्यात. तो नखाने बघतो, मी ह्याने. माणसं दोघांनाही तीच सापडतात. मी त्यांना म्हणते, आजपासून अनवाणी फिरू नका. तो त्यांना भाजायला नेतो."

मी विचारलं, "मंगळवारपासून पाउलियासीचे पाय कुणी बघितलेत?"

"कोण बघणार? दुखत नाहीत ना त्याचे."

गुरुवारी पाद्रीबाबांच्या परवानगीने आम्ही दोघी मैदानात गेलो. बुवांनी हात जोडले. "या डॉक्टरीणबाई! विज्ञानालाही देवाच्या दारात जागा आहे."

"थोडीशी पुरेल," लुपे म्हणाली आणि चटईवर बसली.

आदल्या दिवशीच्या सातांना तिने ओळीने बसवलं. डोळे मिटवून तळव्यांना दोरी टेकवत गेली. एकाच्याही तोंडून 'हो' येईना. हात वर सरकवत नडगीपाशी नेला, तेव्हा कुठे एकेकजण "हो, हो" करायला लागला. गर्दीत कुजबूज झाली.

"आता बुवा," लुपे म्हणाली.

एवढ्या लोकांसमोर नाही कसं म्हणणार? बुवांनी डोळे मिटले. पहिल्या स्पर्शाला "हो". दुसऱ्याला "हो". तिसऱ्याला गुदगुल्या होऊन पायच आखडला.

"अरेरे," मी म्हटलं, "बुवांच्या मनात शंका दिसते."

मागून कुणीतरी फसकन हसलं.

"दगड तापलेत," मी पुढे म्हणाले, "दोन पावलं टाका की! तुमचं बघून आमचाही विश्वास वाढेल."

"आज माझा उपास आहे."

"पायांचा?"

आता बरेचजण हसले. बुवा मात्र दगडांकडे फिरकले नाहीत. लुपेने उठून, आवाज न चढवता, नखाची युक्ती सगळ्यांना सांगितली. कुणाला डावीकडे पाठवलं, कुणाला उजवीकडे, आणि का. तोआकासे पुढे आली आणि म्हणाली, "म्हणजे माझे पाय चांगले आहेत म्हणून मी भाजले?"

"हो," लुपे म्हणाली. "तुझ्या पायांनी तुला वेळेवर पळवलं."

पाउलियासी मागे, बसच्या दारात उभा होता. पायात बंद बूट.

"बूट काढ," मी म्हटलं.

"आत्या, नको. सगळ्यांसमोर काय..."

"काढ म्हणते ना."

आमच्याकडे बापाच्या बहिणीचा शब्द मोडत नाहीत. तो खाली बसला, पण बूट काढायला त्याचे हात धजेनात. मग मी जमिनीवर बसले आणि त्याचा पाय उचलून माझ्या मांडीवर घेतला. म्हाताऱ्या उठून उभ्या राहिल्या. आत्याने भाच्याच्या पायाला हात लावायचा? आमच्यात आत्याचा मान सगळ्यात वरचा, असं होत नाही. पाउलियासीचा चेहरा लाजेने काळवंडला.

"आत्या, लोक बघतायत..."

"बघू दे. त्यासाठीच घेतलाय."

बूट निघाला, मोजा निघेना. लुपेने पाणी ओतून तो सोडवला. आधी वास आला. तळव्यावर वाटीएवढा फोड फुटून मोज्याला चिकटला होता. अंगठ्याखालचं मांस पांढरट, मधे काळपट. दोन दिवस तो ह्याच पायाने बस चालवत होता, मुलं शाळेत सोडत होता.

"दुखतंय?" लुपेने विचारलं.

"नाही," तो म्हणाला. मग खाली पाहिलं, स्वतःच्याच पायाकडे, जणू दुसऱ्याचा असावा. "आत्या, काहीच नाही. काहीच कसं नाही?"

बुवा तेव्हा आपल्या चटया बांधत होते. त्यांना कुणी अडवलं नाही, मारलं नाही. दोघांनी तर ओझं बोटीवर चढवायला हातही दिला. अशी आमची माणसं.

पाउलियासी राजधानीच्या इस्पितळात सात आठवडे राहिला. अंगठा गेला. पाऊल वाचलं. आणखी तीन दिवस गेले असते तर गुडघ्याखाली कापावं लागलं असतं, असं सर्जन म्हणाले. बुधवारच्या सातांपैकी पाचजणांच्या तळव्यांना भाजलेलं निघालं. वेळेवर मलमपट्टी झाली, बरे झाले. दोघं पुढे दवाखान्यात आलेच नाहीत. त्यांच्या मते डॉक्टरणीने दृष्ट लावली. वाद घालायला माझ्यात त्राण उरलेलं नाही.

एवढं मात्र सांगते, आणि हे सांगायला डॉक्टर लागत नाही. देवावर विश्वास ठेवायचा तर ठेवा, मीही ठेवते, पण पाय दिवसातून एकदा उजेडात धरून बघा. स्वतःला वाकता येत नसेल तर घरातल्या कुणाला तरी बघायला सांगा, त्यात कसली लाज? साखर असेल तर गोळी चुकवू नका, अनवाणी हिंडू नका, कुरूप ब्लेडने कापू नका. मुंग्या येऊ लागल्या, तळवे बधिर वाटू लागले, चिरलेलं भरून येईना, एखादं बोट काळं-निळं दिसलं, पाय सुजून गरम लागला, तर कुणाच्या कौलाची वाट न बघता पायांच्या डॉक्टरकडे जा. ती लांब असेल तर जवळच्या नर्सकडे जा, त्याच दिवशी जा.

दुखायची वाट बघू नका. ते दुखणारच नाही.