भिंगरी आणि दोन भांडखोर रिपोर्ट

मी एक जुनी भिंगरी आहे. मित्रांनो, लगेच दोरा शोधायला धावू नका, मी खेळण्यातली भिंगरी नव्हे. मी रक्त फिरवणारं यंत्र आहे. माझं पाळण्यातलं नाव सेंट्रिफ्यूज, पण ते नाव पुरतं घेईपर्यंत माणसाचा चहा थंड होतो. म्हणून आमच्या सुहासने मला भिंगरी म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव मला चिकटलं.

माझा जन्म दूर अंबाल्याच्या एका कारखान्यात झाला. अंगावर आकाशी रंग होता, झाकण आरशासारखं चकचकीत होतं. पुण्याच्या एका मोठ्या इस्पितळात मी पुष्कळ वर्षं फिरले. तिथले लोक म्हणायचे, "ही कधी दगा देत नाही." ते ऐकून मी आणखी जोरात फिरायची. मग एक दिवस नवं यंत्र आलं. ते स्वतःच सुरू व्हायचं, स्वतःच थांबायचं आणि वर शिट्टीही वाजवायचं. माझी रवानगी जिन्याखाली झाली. कुणी माझ्यावर ओली फडकी वाळत टाकली, कुणी चपला ठेवल्या. रक्ताच्या नळ्या सांभाळणाऱ्या माझ्या पोटात कोळ्याने संसार थाटला. मला फार वाईट वाटायचं, आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही.

तिथून मला डॉक्टर अनघा यांनी उचलून आणलं. घोरावाडी स्टेशनजवळ त्यांनी बायकांसाठी दवाखाना काढला होता. त्यांच्याकडे रक्त काढायला सुहास होता. त्याने मला टेबलावर उलटं केलं, जाळी काढली, झिजलेले भाग बदलले, तेल दिलं आणि कळ दाबली. मी खोकले, थरथरले आणि फिरले! त्या दिवसाचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

माझं काम सोपं आहे. सुहास रक्ताची नळी माझ्या एका खोबणीत ठेवतो आणि समोरच्या खोबणीत तेवढ्याच वजनाची पाण्याची नळी. एकाच बाजूला भार पडला तर मी थडथडत टेबलावरून चालू लागते. मग मी गरगर फिरते. थांबले की लाल भाग तळाशी बसलेला असतो आणि वर पिवळसर, नितळ पाणी येतं. त्याला सीरम म्हणतात. ते पुढे मोठ्या लॅबला जातं आणि तिथे त्यातल्या आजाराच्या खुणा शोधतात. खुणा वाचणं माझं काम नाही. माझ्या आणि डॉक्टरांच्या खोलीत फक्त प्लायवूडची भिंत आहे, तीही छतापर्यंत पोचत नाही. त्यामुळे ऐकू मात्र मला सगळं येतं.

आता सारिकाची गोष्ट सांगते.

सारिका सुदुंबऱ्याची सून. तिचा नवरा संदेश लोणावळ्याच्या एका हॉटेलात कामाला. आठवड्यातून दोनतीनदाच घरी यायचा. सारिकाला दिवस गेले होते आणि घरात सगळे हवेत होते. सासू रतनबाई तर तिला पाण्याची कळशीसुद्धा उचलू देत नव्हत्या. हॉटेलातल्या कुणीतरी संदेशला सांगितलं की लोणावळ्यात एका लॅबमध्ये गरोदर बायकांच्या सगळ्या तपासण्या एकदम करून मिळतात. हा गडी हौसेने बायकोला घेऊन गेला. डॉक्टरांना विचारलं नाही.

रिपोर्टात एका ओळीसमोर लिहून आलं: हर्पीस, आयजीएम, पॉझिटिव्ह.

झालं! औषधाच्या दुकानात विचारलं तर दुकानदार म्हणाला, "हर्पीस म्हणजे नागीण." संदेशने मोबाईलवर शोधलं, तर तिथे भलतंच लिहिलेलं होतं. हा आजार नवऱ्याकडून बायकोला आणि बायकोकडून नवऱ्याला होतो, बाळाच्या जिवाला धोका असतो, असं काय काय. घाबरून त्याने चिंचवडच्या दुसऱ्या लॅबमध्ये पुन्हा तपासणी केली. तिथे आयजीएम निगेटिव्ह आलं आणि आयजीजी नावाचं दुसरंच काहीतरी पॉझिटिव्ह आलं. एक रिपोर्ट हो म्हणतो, दुसरा नाही म्हणतो, आणि तो नाही म्हणणाराही अर्धवट हो म्हणतो! दोन्ही कागद एकमेकांशी भांडत होते आणि त्यांच्यापायी माणसं भांडायला लागली.

संदेशने सारिकाशी बोलणं टाकलं. सारिकाच्या मनात आलं, आठवड्यातले निम्मे दिवस लोणावळ्याला राहतो, यानेच आणलं असेल. त्याच्या मनात तिच्याबद्दल तेच. हे बाळ ठेवायचं की नाही, इथपर्यंत गोष्ट आली. सारिकाने माहेरी जायची पिशवी भरली. रतनबाईंनी ती पिशवी हातातून काढून घेतली आणि दोघांना आमच्या दवाखान्यात आणलं.

डॉक्टरांसमोर पहिला शब्द रतनबाईंचाच होता.

"डॉक्टरीणबाई, सुनंला नागीण झालीया म्हनत्यात. नागिणीचं तोंड न शेपूट कमरंभवती मिळालं की माणूस वाचत न्हाई. आन् हिच्या तर प्वाटात लेकरू हाय. मी हिला गावातल्या लेप लावनाऱ्या हौशीरामभाऊकडं बी नेली."

"मग ते काय म्हणाले?" डॉक्टरांनी विचारलं.

"त्यो म्हनला, वैनी, नागीण हाय कुटं? पाठ बघितली, कंबर बघितली, यक पुळी न्हाई. लेप लावू कशाला, भिंतीला?"

प्लायवूडच्या अलीकडे सुहास फिसकन हसला. खोटं कशाला बोलू, मलाही हसू आलं. सारिका मात्र हसली नाही. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"मॅडम, माझ्या बाळाला काय होईल का, एवढंच सांगा. बाकी कुणाला काय वाटायचं ते वाटू दे."

डॉक्टर अनघा शांतपणे बोलायला लागल्या. पहिल्यांदा त्यांनी नागीण बाजूला केली. नागीण हा वेगळा आजार, तो कांजिण्यांच्या विषाणूमुळे होतो. नावात हर्पीस आहे म्हणून लोकांचा गोंधळ उडतो. तुमच्या रिपोर्टातला हर्पीस तो नव्हे.

"मग पहिला रिपोर्ट खोटा का दुसरा?" संदेशने जरा चढ्या आवाजात विचारलं.

"कुणी खोटं बोललेलं नाही. पण पहिल्याचा प्रश्नच चुकीचा होता. आयजीएम म्हणजे रोग नवा असताना आधी धावून येणारे शिपाई, असं म्हणतात. पण हर्पीसच्या बाबतीत ही तपासणी फार फसवी आहे. दुसराच विषाणू बघून ती हो म्हणते, जुनाच पुन्हा डोकं वर काढतो तेव्हाही हो म्हणते. तुमचा आकडा बघा, पॉझिटिव्ह कुठून धरायचं त्या रेषेला जेमतेम शिवलाय. दुसऱ्या लॅबमध्ये तो रेषेच्या खाली राहिला, एवढाच फरक. म्हणून मी ही तपासणी कुणालाच सांगत नाही."

"आन् ते आयजीजी?" सारिकाने विचारलं.

"ती जुनी ओळख. विषाणू कधीतरी अंगात येऊन गेला आणि शरीर त्याला विसरलेलं नाही, एवढाच तिचा अर्थ. आणि संदेश, नीट ऐका. तो कधी आला आणि कुणाकडून आला, हे सांगणारी तपासणी जगात नाही. मोबाईललाही ते सांगता येत नाही."

मग डॉक्टरांनी सारिकाला विचारलं, "तुला पूर्वी कधी हर्पीस झालाय? कोल्ड सोर वगैरे?"

"न्हाई मॅडम, कधीच न्हाई."

"ताप येऊन गेला की ओठाच्या कडेला बारीक फोडांचा झुबका येतो. आधी चुणचुणतं, आग होते, मग पाणी भरतं आणि खपली धरते. तसं?"

खुर्ची सरकल्याचा मोठा आवाज आला. रतनबाई उठून उभ्या राहिल्या असाव्यात.

"अगं बया! म्हंजी जर!"

"जर काय?" संदेश वैतागला. "आई, पुढं बोल की. जर काय?"

"जर म्हंजी जर! पुढं काय बोलू?"

"जर असं झालं तर... असं काय म्हणतीयास का?"

"आरं मुडद्या, तोंडावर जर फुटतो त्यो जर! ताप आला का तुझ्या ओठावर फुटायचा त्यो! दहावीच्या परीक्षेत तुझं अर्धं तोंड सुजलंवतं, इसरलास व्हय?"

डॉक्टर खळखळून हसल्या. त्यांच्या आजीच्या तोंडी हाच शब्द होता, पण कॉलेजात इंग्रजी पुस्तकं वाचून तो मागे पडला, असं त्या म्हणाल्या. मग सारिकालाही आठवलं. तिला शाळेपासून दर थंडीत जर फुटायचा. अगदी हळदीच्या दिवशीही फुटला होता आणि तिच्या मावशीने त्यावर हळद थापून लपवला होता. रतनबाईंना तर अजून फुटत होता. सगळ्या घरात जर होता, सगळ्यांना ठाऊक होता, पण इंग्रजी नाव लावून आला तेव्हा त्याला कुणी ओळखलं नाही.

डॉक्टर म्हणाल्या, "लहानपणी घरातली मोठी माणसं मुके घेतात, तेव्हाच बहुतेकांना तो मिळतो. मला तरी हे जुनंच दिसतंय. जुनं असलं की आईच्या रक्तातलं संरक्षण पोटातल्या बाळालाही मिळतं. तरी मनात किंतू नको. या विषाणूचे दोन प्रकार आहेत: पहिला बहुधा ओठावर जर आणतो, दुसरा बहुधा शरीरसंबंधातून येतो. कुठला आहे हे वेगवेगळं सांगणारी तपासणी करून घेऊ, म्हणजे प्रश्न मिटेल."

मग सारिका माझ्या खोलीत आली. सुहासने रक्त काढलं, नळी माझ्या खोबणीत ठेवली. संदेश दारात उभा होता. सुहास त्याला म्हणाला, "आत या की, फिरताना बघा." तो आत आला आणि सारिकाच्या खुर्चीमागे उभा राहिला. मित्रांनो, मी आजवर हजारो नळ्या फिरवल्या असतील, पण त्या दिवशी मी जिवाच्या आकांताने नीट फिरले. माझ्या हातून काही बिघडू नये, अशी मी सारखी प्रार्थना करत होते. थांबले तेव्हा सीरम इतकं नितळ आलं होतं की सुहासने नळी उजेडाकडे धरून संदेशला दाखवली.

रिपोर्ट यायला थोडे दिवस लागले. ओठावर जर आणणारा पहिला प्रकार ठळक पॉझिटिव्ह होता, अगदी रेषेच्या पुष्कळ वर. दुसरा प्रकार निगेटिव्ह होता. डॉक्टरांनी बजावलं, "बाळंतपणाच्या वेळी अंगावर कुठेही फोड दिसले तर मला लगेच सांगायचं. बाकी मजेत राहा." भिंतीपलीकडे संदेश रडत होता. "चुकलो मी," एवढंच तो सारिकाला म्हणाला. सारिका म्हणाली, "मीबी तुमच्यावर संशय घेतलावता. फिट्टंफाट." पिशवीतला माहेरचा मुक्काम रद्द झाला.

पुढे सारिकाला मुलगी झाली. तिचं नाव सृष्टी ठेवलं. जरा पिवळी दिसते म्हणून कावीळ बघायला तिला माझ्या खोलीत आणलं. टाचेतून घेतलेलं इवलंसं रक्त मी अगदी जपून फिरवलं. कावीळ साधीच निघाली. सगळे खोलीत होते, फक्त रतनबाई दाराबाहेर पदराने तोंड झाकून उभ्या.

"घ्या ना बाळाला, आत्या," सारिका सासूला म्हणाली.

"नगं बाई. जर फुटलाय."

त्यांनी पदर जरासा खाली केला. ओठाच्या कोपऱ्यावर ताजे फोड होते. डॉक्टरांनी त्यांना सांगून ठेवलं होतं की मोठ्याला जर म्हणजे चार दिवसांची आग, पण तान्ह्या बाळाला तो जिवावर बेतू शकतो. रतनबाई मुकेबाज बाई. रस्त्यातल्या शेळीच्या करडालासुद्धा मुका घेतल्याशिवाय पुढे जात नाहीत. आणि आता एवढी वाट बघून आलेली नात चार पावलांवर होती. संदेशने बाळाला उंच धरून लांबूनच दाखवलं. रतनबाईंनी पदर घट्ट दाबून धरला आणि डोळे भरभरून बघत राहिल्या. मी पाहिलेली ती सगळ्यात मोठी माया होती.

काही दिवसांनी सारिका बाळाला घेऊन माझ्या खोलीत आली, मागोमाग रतनबाईही आल्या. आत येताच त्यांनी डॉक्टरांपुढे ओठ केला. "बघा बरं, गेला का पुरता?"

डॉक्टरांनी टॉर्च लावून नीट पाहिलं. खपली पडून कातडी कोरी झाली होती. "गेला," त्या म्हणाल्या.

मग काय विचारता! रतनबाईंनी हातपाय साबणाने धुतले आणि सृष्टीचा असा मुका घेतला, असा घेतला, की ती गाढ झोपेतून दचकून उठली आणि दवाखाना दणाणून सोडला. सुहासने तेव्हा माझी कळ दाबलेली नव्हती, तरी मला गरगरल्यासारखं झालं.

मित्रांनो, आता मी थकले आहे. फिरताना कुरकुरते. पण जिन्याखालून मला कुणी उचललं, कुणी तेल दिलं, म्हणून हे सगळं मला बघायला मिळालं. त्या सगळ्यांची मी ऋणी आहे. तुमच्याकडून मला माझ्यासाठी काही नको. तुमच्या घरी रिपोर्ट आला तर तो घेऊन आधी डॉक्टरांकडे जा, घरच्या माणसावर धावून जाऊ नका. आणि तान्हं बाळ आलं, की आधी सगळ्यांचे ओठ बघा. जर असेल, तर थांबा. जर नसेल, तर आजीला मुळीच अडवू नका.